मदत हवी आहे: 'बर्ड्स ऑफ प्रे' (1973) न कापलेल्या चौकटीत कुठे मिळेल?

डेव्हिड जॅन्सनचा, सीबीएसवर दाखवलेला अमेरिकन टीव्हीपट. सॉल्ट लेक सिटीतला वाहतुकीच्या बातम्या देणारा वैमानिक बँक दरोडेखोरांचा हेलिकॉप्टरने पाठलाग करतो, तो. (2020 चा नव्हे, शोधात सगळीकडे तोच वर येतो.)

माझ्याकडची डीव्हीडी रुंद पडद्यासाठी वरखाली कापलेली आहे. चित्रपट जुन्या टीव्हीच्या 4:3 चौकटीसाठी केलेला, त्यामुळे हँगरमधल्या पाठलागात नेमकी हेलिकॉप्टरची वरची पाती गायब! प्लेअरमध्ये 4:3 करून पाहिलं, तर चेहरे लांबुळके होतात आणि कापलेला भाग येत नाही तो नाहीच. ऑनलाइन एक पूर्ण चौकटीची प्रत सापडली, पण ती जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून घेतलेली. चित्रपटातल्या दोन हेलिकॉप्टरांपैकी ह्यूज 500 कुठलं आणि लामा कुठलं हे दूरच्या दृश्यांत ओळखू येत नाही. लामा मला नीट बघायचंच आहे, आपल्या लष्कराचं 'चीता' म्हणजे तेच.

विकत घ्यायची तयारी आहे, परदेशी डिस्कही चालेल, माझा प्लेअर सर्व रीजनचा आहे. सबटायटल नसली तरी हरकत नाही. चोरीच्या प्रतींच्या लिंक नकोत.

कुणी स्वतः पाहिलेली, 4:3 चौकटीतली स्वच्छ डिस्क आहे का? असल्यास कुठल्या कंपनीची, कुठल्या वर्षीची?