काउबॉयच्या प्रेमकथा पुरुष वाचतात का?

प्रश्न: मित्र चिडवतात, पण वेस्टर्न रोमान्स हातातून सुटत नाही. आणखी कोणी पुरुष आहे का या पंगतीत?

उत्तर १: आहे की! ओवेन विस्टरची १९०२ची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी घ्या. लग्नाच्या आदल्या दिवशी नायिका मॉली नायकाला बजावते, द्वंद्वाला गेलास तर लग्न मोडलं. तरी पठ्ठ्या जातोच! पिस्तुलापेक्षा तिथेच जीव टांगणीला लागतो.

उत्तर २: मला त्यातली कष्टाची कामं आवडतात. अमेरिकेत १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळायची, पण ५ वर्षं राहून कसावी लागायची. कुंपणाची काटेरी तार ओढताना नायकाचे तळवे सोलवटतात, नायिका मुकाट्याने चिंधी बांधते. भाषणबाजी नाही, सुटलो!

प्रश्नकर्ता: अगदी! फक्त मुखपृष्ठावरचा उघडाबंब नायक झाकायला कव्हर लागतं.