पहिलीच गाडी 450 अश्वशक्तीची स्पोर्ट्स कार असावी का?

नवा_परवाना

नमस्कार मंडळी,

माझे वय 22 असून परवाना मिळून अजून वर्ष झालेले नाही. आजवर मी प्रशिक्षण केंद्राची आणि घरची अशा दोन लहान गाड्याच चालवल्या आहेत. आता स्वतःची पहिली गाडी घेण्याइतके पैसे हाताशी आले आहेत आणि मन एका वापरलेल्या स्पोर्ट्स कारवर बसले आहे. गाडी दोन आसनी आहे, शक्ती मागच्या चाकांना जाते, इंजिन टर्बो (म्हणजे जास्त हवा दाबून भरून शक्ती वाढवणारे) असून सुमारे 450 अश्वशक्तीचे आहे, वजन दीड टनाच्या आसपास भरते आणि 0 ते 100 हा वेग ती साधारण चार सेकंदांत गाठते.

घरच्यांचा ठाम विरोध आहे. माझे म्हणणे एवढेच, की शक्ती आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही. जो चालक वेगमर्यादा पाळतो, त्याच्या गाडीत 100 अश्वशक्ती असोत की 450, फरक काय पडतो? शिवाय गाडीत एबीएस (ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी व्यवस्था), ट्रॅक्शन कंट्रोल (वेग घेताना चाके जागच्या जागी फिरू न देणारी) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरताना सावरणारी) हे सगळे आहे. ‘अजून लहान आहेस’ हे उत्तर मी भरपूर ऐकले आहे. आपल्याकडून कारणे ऐकायची आहेत.

तिसरा_गिअर

आपला प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. वेगमर्यादा पाळणाऱ्याला काय फरक पडतो, असे आपण विचारता. फरक पडतो तो शिकण्यात. पहिली दोन-तीन वर्षे गाडी चालकाला शिकवत असते आणि ती काय शिकवते हे तिच्या मर्यादा किती लवकर जाणवतात यावर ठरते.

लहान, साधी गाडी एखाद्या वळणात गरजेपेक्षा थोडी जास्त वेगाने नेली, तर ती लगेच तक्रार करते. बॉडी एका बाजूला कलते, पुढचे टायर कुरकुरतात, स्टिअरिंग जितके वळवले तितके नाक वळत नाही आणि शेजारी बसलेला माणूस दरवाज्याची मूठ धरतो. हे सारे घडते तेव्हा वेग बहुधा 50-60 चा असतो. पाय थोडा उचलला की प्रकरण तिथेच मिटते. तेच वळण आपली स्पोर्ट्स कार 60 नेही निमूट घेईल आणि 85 नेही तितक्याच निमूटपणे घेईल, कारण तिचे टायर रुंद, सस्पेन्शन कडक आणि गुरुत्वमध्य खाली असतो. ती बोलते ती अगदी शेवटच्या क्षणी, आणि त्या वेळी चूक सुधारायला ना रस्ता उरलेला असतो ना वेळ. नवशिक्याला आपण कुठवर आलो आहोत हे कळतच नाही. तो निष्काळजी नसला तरीही.

आता त्या शेवटच्या क्षणी काय होते ते पाहा. वळणाच्या मध्यावर वेग जास्त झाल्याचे लक्षात येताच घाबरलेल्या माणसाचा पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन उचलला जातो, किंवा सरळ ब्रेकवर जातो. ही उपजत प्रतिक्रिया आहे. तेवढ्याने गाडीचे वजन पुढच्या चाकांवर सरकते, मागची चाके हलकी होतात, त्यांची पकड सुटते आणि गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला निघतो. टायरकडे पकडीचा साठा एकच असतो. त्यातला जेवढा वळण्यात खर्च होतो, तेवढा ब्रेक लावायला किंवा वेग घ्यायला उरत नाही. उलट बाजूची चूकही तितकीच सोपी आहे. वळण संपण्यापूर्वीच ॲक्सिलरेटर दाबला, मधेच टर्बोचा दाब चढला आणि मागच्या चाकांवर एकदम टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, आला, तर परिणाम तोच. 1975 मध्ये आलेल्या पहिल्या पोर्शे 911 टर्बोची शक्ती अवघी 260 अश्वशक्ती होती. आज कित्येक घरगुती गाड्यांत त्याहून जास्त असते. तरीही त्या गाडीची दहशत होती, कारण टर्बोचा दाब उशिरा आणि एकदम यायचा आणि इंजिनाचे वजन मागच्या आसाच्याही मागे होते. शक्तीच्या आकड्याइतकेच ती कशी येते यालाही महत्त्व असते, ते असे.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल. स्टॅबिलिटी कंट्रोल ही व्यवस्था 1995 मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लासमध्ये प्रथम आली. चालक स्टिअरिंग किती वळवतो आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे यांत तफावत दिसली, की ती एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावते आणि इंजिनाची शक्ती कमी करते. तिने असंख्य प्राण वाचवले आहेत यात शंका नाही, पण ती उपलब्ध पकडीतूनच काम करते. नसलेली पकड निर्माण करत नाही. ओल्या रस्त्यावर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागला, तर ब्रेक कोणत्या चाकाला लावायचा हे संगणकाला अचूक कळूनही उपयोग शून्य.

शेवटी थोडे गणित. ताशी 100 किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते, म्हणजे धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो सेकंदभर जातो त्यात तेवढे अंतर संपलेले असते. त्यानंतर ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. 100 चे 140 झाले तर वेग 40 टक्क्यांनीच वाढतो, पण हे अंतर जवळजवळ दुप्पट होते. आपल्या लहान गाडीला 100 वरून 140 वर जायला बराच वेळ लागतो, इंजिन ओरडते, आपल्याला कळते. या गाडीला जेमतेम तीन-चार सेकंद लागतील आणि आत बसलेल्याला फारसे काही जाणवणारही नाही. वेगमर्यादा पाळायची इच्छा प्रामाणिक असली, तरी ती पाळण्यासाठी लागणारा वेगाचा अंदाजच अजून तयार झालेला नसतो.

मागच्या चाकांची गाडीच हवी असेल तर माझ्या मते वजनाने हलकी आणि शक्तीने बेताची निवडा. 1989 मध्ये आलेली पहिली माझ्दा एमएक्स-5 साधारण 115 अश्वशक्तीची आणि एक टनाहून कमी वजनाची होती, आणि गाडी चालवण्याचा आनंद शक्तीवर अवलंबून नसतो हे तिने जगभर पटवून दिले. त्या जातीची गाडी आपल्याला हे सगळे धडे निम्म्या वेगात देईल.

रात्रपाळी

मी वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत आहे. माझीही पहिली गाडी जवळपास अशीच होती आणि आजही माझ्याकडे आहे. गाडी उशिरा बोलते हे मान्य, पण तरुण चालकांचे गंभीर अपघात बहुतांशी साध्या गाड्यांतच होतात, कारण त्यांच्या हाती गाड्याच साध्या असतात. म्हणून नुसत्या अश्वशक्तीकडे बोट दाखवून भागत नाही. नवख्या चालकाच्या गाडीत समवयस्क मित्र बसले की धोका वाढतो, रात्री वाढतो, आणि दोन्ही एकत्र आले की आणखी वाढतो. अनेक देशांत नव्या परवानाधारकांवर रात्रीच्या वेळेची आणि सहप्रवाशांची बंधने घातली जातात ती यामुळेच.

स्पोर्ट्स कारमध्ये यात एक भर पडते, ती प्रेक्षकांची. सिग्नलला शेजारची गाडी मुद्दाम इंजिन गुरगुरवते, पदपथावरचा मुलगा मोबाइल वर धरतो, शेजारच्या आसनावरचा मित्र ‘एकदा तरी दाब की’ म्हणतो. हे रोज घडते. ‘नाही’ म्हणणे एकदा सोपे असते. शंभराव्यांदा, थकलेले असताना, ते तितके सोपे नसते. पहिल्या वर्षी मी समवयस्क मित्रांना गाडीत घेतलेच नाही आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याच्या बटणाला हात लावला नाही. मित्र नाराज झाले, पण तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

आणि प्रशिक्षण घ्या. बंद, ओल्या पृष्ठभागावर गाडी मुद्दाम घसरवून सावरायला शिकवणारे वर्ग असतात. तिथे कमी वेगात मागचा भाग सुटल्याचा अनुभव मिळतो आणि नजर अडथळ्यावर न खिळवता जिथे जायचे आहे तिकडे ठेवायची सवय लागते. मात्र एका वर्गाने ‘आता मला येते’ हा भ्रम होऊ देऊ नका. तसा भ्रम झालेले लोक मी पाहिले आहेत आणि न शिकलेल्यांपेक्षा त्यांचीच मला जास्त भीती वाटते.

पाना_पक्कड

चालवण्याबद्दल वरच्या दोघांनी लिहिलेच आहे. मी गॅरेजमधल्या बाजूने लिहितो, कारण अशा गाड्या ज्यांना परवडतात त्यांना त्या ठेवणे परवडेलच असे नसते. वापरलेल्या गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. जी गाडी नवी असताना अतिश्रीमंतांसाठी होती, तिचे ब्रेक, क्लच आणि टायर आजही त्याच हिशेबाने विकले जातात.

टायरपासूनच सुरुवात करा. अशा गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे ते पुढे-मागे अदलाबदल करून झीज वाटून घेता येत नाही आणि मागची जोडी लवकर संपते. खर्च टाळण्यासाठी आधीचा मालक मागे भलत्याच कंपनीचे स्वस्त टायर टाकून गाडी विकायला काढतो. असे दिसले तर बाकीची देखभालही त्याच वृत्तीने झाली असेल, असे मी धरून चालतो. टायरच्या कडेवर चार अंकी शिक्का असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. गाडी वर्षातून थोडीच चाललेली असेल तर नक्षी भरपूर दिसते, पण रबर जुने होऊन कडक झालेले असते. उन्हाळी कामगिरीच्या टायरचे रबर तर सुमारे 7 अंश सेल्सिअसखाली मुळातच ताठर होते. थंड सकाळी गाडी काढताक्षणी ॲक्सिलरेटर दाबणाऱ्यांच्या गाड्या आमच्याकडे टो होऊन येतात.

ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. नाहीतर लांब उतारावर सतत ब्रेक वापरल्यावर त्यात वाफ धरते आणि पेडल एकदम मऊ पडते.

स्टॅबिलिटी कंट्रोल आहे असे आपण लिहिले आहे, तरीही त्याच मॉडेलच्या त्याच वर्षाच्या गाडीत ते होते का, हे तपासा. युरोपीय संघात नव्या गाड्यांना ते सरसकट सक्तीचे झाले 2014 मध्ये. 1992 ची डॉज व्हायपर 400 अश्वशक्तीची होती आणि तिच्यात एबीएससुद्धा नव्हते.

विम्याचा आकडा बयाणा देण्यापूर्वी लेखी मागवा. तरुण वय, नवा परवाना आणि अशी गाडी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर कित्येक कंपन्या विमा नाकारतात. हप्ता कमी व्हावा म्हणून मुख्य चालक म्हणून वडिलांचे नाव लावून गाडी स्वतः वापरण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका, कारण ती विमा कंपनीची फसवणूक ठरते आणि अपघातानंतर दावा फेटाळला जाऊ शकतो. एक्झॉस्ट किंवा इंजिनाचे सॉफ्टवेअर बदललेले असेल आणि ते कळवलेले नसेल, तरी तोच धोका. ट्रॅकवर चालवण्याला नेहमीच्या पॉलिसीचे संरक्षण बहुधा नसते.

नवा_परवाना

सर्वांचे आभार. कारणे मागितली होती, ती मिळाली. गाडी उशिरा बोलते हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. एक शंका मात्र राहते. या गाडीत पावसाळी मोड आहे, ज्यात ती बरीच सौम्य होते. पहिले वर्षभर त्याच मोडवर चालवली तर ती कमी शक्तीच्या गाडीसारखीच ठरणार नाही का?

तिसरा_गिअर

पूर्णपणे नाही. बहुतेक गाड्यांत असा मोड ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद संथ करतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल लवकर मधे आणतो. पण पेडल तळापर्यंत दाबले की बहुतांश शक्ती तिथे असतेच. गाडीचे वजन, टायर, सस्पेन्शन आणि वळणातले तिचे मौन यांत काहीच बदलत नाही. सौम्य मोडमुळे एका प्रकारची चूक टळते, शिकणे मात्र होत नाही.

हवे तर हा आकडा पाहा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांत नवपरवानाधारकांना दर टनामागे 130 किलोवॅटपेक्षा जास्त शक्ती असलेली गाडी सर्वसाधारणपणे चालवता येत नाही. 450 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 330 किलोवॅट, म्हणून दीड टनाची आपली गाडी दर टनामागे 220 किलोवॅटच्या आसपास जाते. त्या मर्यादेच्या आतही मजेदार गाड्यांची यादी पुष्कळ लांब आहे आणि दोन वर्षांनी ही गाडी बाजारातून नाहीशी होणार नाही.

रात्रपाळी

हे मला पटले. माझ्या वेळी कोणी असे मांडले असते तरी मी बहुधा तीच गाडी घेतली असती, हेही नोंदवतो. निर्णय आपला आहे. मात्र घ्यायचीच ठरली तर आधी अनुभवी प्रशिक्षकासोबत दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच दिवशी, एकाच बंद मार्गावर चालवून पाहा, आणि घरातल्या विरोध करणाऱ्यांपैकी एकाला सोबत न्या.

नवा_परवाना

तसे करतो. दोन विमा कंपन्यांकडे आकडे मागवले आहेत. हलक्या गाडीचाही शोध सुरू केला आहे. दोन्ही पाहिल्याशिवाय बयाणा देणार नाही.

पाना_पक्कड

पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नये. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागले तर कारण विचारा, कारण टर्बोचा धूर आणि इंजिनातल्या चेनचा खडखडाट हे दोष थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही क्षणांतच उघडे पडतात. सर्व्हिसची कागदपत्रे मूळ मागा आणि त्यांवरचे किलोमीटर तारखांच्या क्रमाने चढत जातात का, हे तिथेच उभे राहून तपासा.