बाबांची पाणथरी (प्लीहा) वाढलीये, डावा खांदा दुखतोय

सुदामानगरकर: बाबांना लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. सोनोग्राफीत प्लीहा 19 सेंमी. सकाळी पोहे अर्धे टाकून म्हणाले, डावा खांदा ठणकतोय. आई म्हणते गॅस आहे, बेंबीला हिंग लाव. पडले-बिडले नाहीत. तरी फुटू शकते का?

सिस्टर_ताई: क्वचित, पण फुटते रे दादा. एरवी 11-12 सेंमीची असते. लिम्फोमाच्या पेशी भरल्या की आवरण ताणतं, मग खोकलासुद्धा पुरतो. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं आणि दुखतो खांदा! हिंग राहू दे, आत्ता इमर्जन्सीत ने. ॲक्टिव्हावर नाही हं, 108 ला फोन कर. काही खायला देऊ नकोस.

पलासियावाला: केमोनंतर फिल्ग्रास्टिमची (पांढऱ्या पेशी वाढवायची) इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा. त्यानंही प्लीहा फुटल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करायची गोळी असेल तर पहिले ती सांगा.

सुदामानगरकर: इंजेक्शन चालू आहे. घाम सुटलाय, ॲम्ब्युलन्स आली. लगेच ऑपरेशनच करतात का?

सिस्टर_ताई: बीपी टिकलं तर सीटी करून रक्तवाहिनी आतून बंद करता येते. नाहीतर प्लीहा काढतात. मग न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस या जंतूंविरुद्धच्या लसी लागतात, ते नंतर बघू. फाइल घेतलीस ना?