14 माणसं, वय 4 ते 78, उष्ण कटिबंधात आठवडा: घर, गाडी, ऊन?

रानवाटा
समुद्रकाठी एकाच ठिकाणी राहणार आहोत. दोन लहान मुलं (4 आणि 7), पंचाहत्तरीपुढचे तिघं. एक मोठं घर घ्यावं की हॉटेलच्या खोल्या? गाडी किती सीटची? ज्येष्ठांना ऊन झेपेल का?

नकाशेवाला
आधी गाडी बघा, फसगत तिथेच होते. 15 सीटर म्हणजे 15 माणसं. सामान त्यात धरलेलं नसतं. शेवटची रांग भरली की मागे चार सॅक जेमतेम मावतात. विमानतळाच्या जाण्यायेण्याला दोन गाड्या, मधल्या दिवसांत एक पुरे. चार वर्षांच्या मुलासाठी चाइल्ड सीट लागेल, ती बुकिंग करतानाच लेखी मागून घ्या.

घराच्या जाहिरातीत '14 जण झोपू शकतात' असेल तर त्यात हॉलमधले सोफेही मोजलेले असतात. तळमजल्यावर बेडरूम आणि संडास किती, एसी प्रत्येक खोलीत आहे का, वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की नुसते दिवे-पंखे, हे विचारा. स्विमिंग पूलला कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवंच.

सावली_शोधक
विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर साधारण 12 तासांचा, आणि सूर्य बुडाला की अर्ध्या तासात काळोख. म्हणून फिरणं सकाळी साडेदहापर्यंत आटपा, मग थेट चारनंतर. मधली दुपार घरातच. वयानुसार तहान नीट जाणवत नाही, त्यामुळे मागायची वाट न बघता पाणी हातात द्या. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदय-किडनीचा त्रास असेल तर पाणी किती, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ओआरएसची पुडी जितक्या पाण्याची असेल तितक्याच पाण्यात, पूर्ण टाका. 'अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात' हा अंदाजपंचे प्रकार मुलांना बाधतो.

सनस्क्रीन मोठ्या माणसाला अंगभर एकदा लावायला सुमारे 30 मिली लागतं, आणि दर दोन तासांनी पुन्हा. 100 मिलीची बाटली म्हणजे तीनच वेळा! आधी सनस्क्रीन, ते सुकल्यावर डासांचं मलम. विकत घेताना घटक वाचा: प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटदेशात 2020 पासून आणि थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत 2021 पासून ऑक्सिबेन्झोनवर (सनस्क्रीनमधलं एक रसायन, प्रवाळांना घातक मानलं जातं) बंदी आहे.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो. ताप आला तर डॉक्टर गाठा. तोवर फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन-आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो.

रानवाटा
घरमालक म्हणतात, पूलला कुंपण नाही, पण मुलांवर लक्ष ठेवायला मोठी माणसं भरपूर आहेत.

नकाशेवाला
तेच तर धोक्याचं. बाराजण असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. दुसरं घर बघा. तोच भाग हवा असेल तर हॉटेलात तळमजल्याच्या शेजारशेजारच्या खोल्या, पूलपासून लांबच्या बाजूला.