कोणाला फॉलो करावे आणि कोणाला सोडावे? नातेवाईक, पेठेतील माणसे आणि पुराच्या बातम्या

शुक्रवारपेठकर (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. प्रश्न साधा वाटेल, परंतु गेले काही महिने तो डोक्यातून जात नाही, म्हणून येथे सविस्तर मांडत आहे.

फेसबुकवर माझ्या यादीत अकराशेच्या आसपास माणसे आहेत आणि इन्स्टाग्रामवर मी साडेसहाशे खाती फॉलो करते. त्यांत माहेरची आणि सासरची मंडळी आहेत, पंचवीस वर्षांतील विद्यार्थी आहेत, गल्लीतील तरुण मंडळ आहे, दोन-तीन तालमींची पाने आहेत, पाककृती दाखवणारी आणि आरोग्याचे सल्ले देणारी खाती आहेत. यांतील निम्म्यांना आपण केव्हा आणि कशासाठी फॉलो केले, हे आज मला सांगता येणार नाही. कोणाची विनंती आली, नाही कसे म्हणायचे म्हणून स्वीकारली, आणि यादी वाढत गेली.

ज्या प्रसंगामुळे हे लिहावेसे वाटले, तो असा. एका पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर पडली होती आणि आमच्या पेठेत जो तो राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत होता. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आमच्याकडे शाळेतील मुलांनाही पाठ असते. रात्री साडेदहाच्या सुमारास फेसबुकवर एक व्हिडिओ दिसला: शिरोलीजवळ महामार्गावर चढलेले पाणी, रांगेत अडकलेले ट्रक, आणि वर फक्त 'आत्ताची परिस्थिती' एवढे शब्द. टाकणारा माझाच जुना विद्यार्थी, त्यामुळे शंका घेण्याचे मनातही आले नाही. मी तो व्हिडिओ आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. तळमजल्यावरील शेजारणीने तो पाहून आपल्या ऐंशी वर्षांच्या सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले आणि दोघा मुलांकरवी त्याच रात्री अरुंद जिन्याने वर आणले. वळणावर आजींचा हात भिंतीला घासून कोपरापर्यंत सोलून निघाला. सकाळी कळले की तो व्हिडिओ २०१९ च्या महापुरातील होता, आणि आदल्या रात्री नदी उतरू लागली होती.

शेजारीण मला एका शब्दानेही बोलली नाही. परंतु वर्गात मी मुलांना नकाशा वाचताना आधी प्रमाण आणि वर्ष पाहायला सांगते, आणि स्वतः मात्र तारीख न पाहता व्हिडिओ पुढे पाठवला, ही गोष्ट मला फार लागली.

तेव्हा जाणकारांना विचारते. एखाद्याला यादीत ठेवावे की सोडावे, हे कोणत्या कसोटीवर ठरवावे? नात्यातील किंवा ओळखीतील माणसाला अनफॉलो केले, तर ते त्याला कळते का, आणि कळले तर त्याने काय समजावे? तिसरी गोष्ट अशी की, नको ती माणसे काढता काढता आपल्याला आवडेल तेवढेच ऐकू येईल, अशी भीती वाटते. ती खरी आहे का?

पाणपट्टी

बाई, मी पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे. समाजमाध्यमांचे मला फारसे कळत नाही, परंतु नोंद कशी घ्यावी हे आयुष्यभर केले आहे, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

पाणीपातळीच्या नोंदवहीत आकड्याच्या आधी वेळ लिहिली जाते. वेळेशिवाय लिहिलेला '४१ फूट' कोणालाच उपयोगी पडत नाही, कारण पाणी चढताना ४१ फूट आणि उतरताना ४१ फूट या दोन अगदी वेगळ्या बातम्या आहेत. पहिलीत सामान वर हलवायचे असते आणि दुसरीत चिखल काढण्याच्या तयारीला लागायचे असते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एक दरवाजा उघडला की सुमारे १,४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत आणि तेथून पंचगंगेत येते. 'दरवाजा उघडला' एवढेच कोणी लिहिले तर शहर घाबरते. कितवा दरवाजा, किती वाजता आणि आधीचे किती उघडे आहेत, हे लिहिले तर तेच शहर शांतपणे हिशेब करते, कारण ते पाणी येथपर्यंत पोहोचायला काही तास लागतात, हे नदीकाठच्या माणसाला माहीत असते.

मी हीच कसोटी माणसांना लावतो. एखादे खाते उघडून त्याच्या मागील वीस पोस्टी पाहतो. पोस्टमध्ये वेळ आहे का, ठिकाण आहे का, आणि 'मी स्वतः पाहिले', 'अमक्या कार्यालयाने कळवले' किंवा 'मला असे वाटते' यांपैकी काय आहे, ते स्पष्ट लिहिले आहे का, एवढेच बघतो. सर्वांत जास्त मान मी कोणाला देत असेन, तर ज्याच्या भिंतीवर 'काल मी टाकलेली माहिती चुकीची होती' असे एखादे तरी वाक्य सापडते, त्याला. महापुराची दोन वर्षे, २०१९ आणि २०२१, मी अशा चार-पाच जणांच्या भरवशावर काढली. त्यांतील एक जण पंचगंगा घाटाजवळ राहणारा तरुण आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, त्या दिवसांत तो दर तासाला एकाच जागी उभा राहून एकाच पायरीचा फोटो काढायचा आणि खाली फक्त वेळ लिहायचा. पाणी चढते आहे की नाही, हे सांगायला त्याला विशेषणे लागली नाहीत.

खात्याच्या नावापुढील निळ्या खुणेवर विसंबू नका, एवढे मात्र आवर्जून सांगतो. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) ती २०२२ च्या अखेरीपासून पैसे भरून मिळते, त्यामुळे त्या खुणेवरून माणूस कोण हे कळत नाही, तर त्याने शुल्क भरले असावे एवढेच कळते. पावसाळ्यापुरती जिल्हा प्रशासन, महानगरपालिका आणि हवामान विभाग यांची खाती अग्रभागी ठेवा. फेसबुकवर 'फेव्हरिट्स'मध्ये तीस खाती ठेवता येतात, असे माझ्या नातीने दाखवले आणि मला तीस पुष्कळ झाली.

आजींचा हात आता बरा असेल, अशी आशा आहे.

पुकरी

मॅडम, मी सुभाषनगर भागात राहते. आमच्या घरात चपलांचे काम होते आणि विक्रीसाठीचे इन्स्टाग्राम मी सांभाळते, म्हणजे मी दोन्ही बाजूंना आहे: फॉलो करणारी आणि फॉलो होणारी.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे दिलासा देणारे आहे. फेसबुकवर एखाद्याला अनफॉलो केले, तरी तो तुमच्या मित्रयादीत राहतो, त्याला काहीही कळवले जात नाही, आणि फक्त त्याच्या पोस्टी तुम्हाला दिसायच्या थांबतात. तेवढेही नको असेल, तर 'स्नूझ' करून तीस दिवसांची सुट्टी घेता येते. लग्नसराईत किंवा निवडणुकीच्या महिन्यात मी ते अनेकांच्या बाबतीत करते आणि नंतर सगळे पूर्ववत होते. इन्स्टाग्रामवर अनफॉलो केल्याची सूचना जात नाही, परंतु समोरच्याने शोधले तर त्याला कळू शकते, म्हणून काका-मावश्यांसाठी 'म्यूट' करावे, म्हणजे फॉलो तसेच राहते आणि फक्त त्यांच्या पोस्टी दिसत नाहीत. म्यूट केलेले कळण्याचा मार्ग नाही. ब्लॉक हा वेगळा विषय आहे आणि जो त्रास देतो, त्याच्यासाठीच तो राखून ठेवावा. मी दोनदा केले आणि दोन्ही वेळा घरच्यांना सांगून केले.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तुम्हाला जे दिसते, त्यातील बरेच काही तुम्ही फॉलो न केलेल्या खात्यांचे असते, कारण ही ठिकाणे आपण कशावर किती वेळ थांबलो हे पाहून तसेच आणखी पुढे आणतात. यादी कितीही साफ केली, तरी पुराच्या भीतिदायक व्हिडिओवर दोन मिनिटे थांबलात, तर तसले आणखी दहा येतील. म्हणून इन्स्टाग्रामवर वरच्या नावाला स्पर्श करून 'फॉलोइंग' निवडावे आणि एक्सवर 'फॉर यू' सोडून 'फॉलोइंग'मध्ये जावे. तेथे आपण निवडलेली माणसेच भेटतात.

कसोटीविषयी माझा अनुभव सांगते. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी पायताणे दाखवली आणि मूळ कोणाचे याचा उल्लेख केला नव्हता, तेव्हा आमच्या विषयावर रात्रीत शेकडो माणसे लिहू लागली. मीही सुरुवातीला भराभर सगळ्यांना फॉलो केले, कारण कोणीतरी आमच्याविषयी बोलत आहे याचेच अप्रूप होते. महिनाभराने शांतपणे बसून पाहिले, तेव्हा बहुतेकांनी एकाही कारागिराशी बोललेले नव्हते. कापशी आणि पुकरी या कोल्हापुरी चपलेच्या प्रकारांतील फरक त्यांना माहीत नव्हता. या चपलेचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे, हेही त्यांनी कोठे लिहिले नव्हते, उलट काही जण कर्नाटकातील कारागिरांना नावे ठेवत होते. ती सगळी खाती मी सोडली. ठेवली ती सात. त्यांतील एकाच्या व्हिडिओत एक वयस्क बाई मांडीवर पाट घेऊन चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालते, आणि चार मिनिटे कोणी काही बोलत नाही. ती वेणी पाहून माझ्या आईने स्वतःची एक चूक सुधारली. मला वाटते, पाहून झाल्यावर हाताला काहीतरी काम सुचते, ते खाते ठेवावे.

आरोग्याचे सल्ले देणाऱ्या खात्यांबाबत मात्र कडक राहा. पैसे घेऊन केलेली जाहिरात तशी स्पष्ट लिहावी, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत. जे खाते रोज एखादी गोळी किंवा पावडर सुचवते आणि 'जाहिरात' हा शब्द कोठेच लिहीत नाही, त्याला मी एका दिवसाचीही मुदत देत नाही.

बिंदूचौकातून

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील काही वादग्रस्त स्टेटसवरून या शहरात काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले. बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट थांबवावे लागले. माझे दुकान त्या दिवशी बंद होते आणि मी घरात बसून विचार करत होतो की, हे सगळे माझ्या कानावर आधी का आले नाही. कारण मी त्या आधीच्या वर्षात तापट बोलणाऱ्या प्रत्येकाला, दोन्ही बाजूंच्या, म्यूट करून टाकले होते. माझ्या फोनमध्ये कोल्हापूर अगदी शांत होते: रंकाळ्याचा सूर्यास्त, मिसळ, शाहू स्टेडियमवरील सामन्यांचे गुण. ज्या मुलांना मी लहानपणापासून दुकानात गोळ्या दिल्या, ती काय लिहीत होती हे मला ठाऊकच नव्हते, आणि ठाऊक असते तर दोघा-तिघांना तरी बोलावून समोर बसवता आले असते.

तेव्हा ताई, तुमची भीती खरी आहे. त्या विद्यार्थ्याला तुम्ही सोडणार असाल, तर माझी विनंती आहे की सोडू नका. तो तुमचे ऐकणाऱ्यांपैकी आहे. अनोळखी माणूस खोटे पसरवत असेल, तर खुशाल काढून टाका, त्याच्यावर आपला काही अधिकार चालत नाही. ज्याच्या घरी आपण जाऊ शकतो, त्याचे मात्र दिसत राहिले पाहिजे, मग ते मनाला कितीही टोचो. मी आता अशा बारा जणांना मुद्दाम ठेवले आहे आणि आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, त्यांचेच लिखाण वाचतो. रोज वाचवत नाही, हे मान्य करतो.

पाणपट्टी

बिंदूचौकातून यांच्याशी मी सहमत आहे, फक्त पुराच्या रात्री नको. त्या रात्री ज्याच्या आकड्यापुढे वेळ आहे, तोच वाचावा. बाकी सर्वांसाठी वर्षाचे इतर दिवस आहेत.

शुक्रवारपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. काका, आजींचा हात पूर्ण बरा आहे आणि त्यांना मी हा धागा वाचून दाखवला.

गेल्या शनिवारी आणि रविवारी मी वही घेऊन बसले. इन्स्टाग्रामवरील साडेसहाशे खात्यांपैकी दोनशे दहा उरली आहेत. गेलेल्यांत आरोग्याचे सल्ले देणारी जवळजवळ सगळी खाती आहेत. 'पुकरी' यांनी सांगितल्याप्रमाणे 'जाहिरात' हा शब्द शोधला आणि सतरा खात्यांपैकी तीनच खात्यांवर तो सापडला. नात्यातील एकोणीस जणांना म्यूट केले आहे. त्यांत माझे एक दीर आहेत, जे रोज पहाटे पाच वाजता सुविचार टाकतात. हे करताना वाईट वाटले, कारण ते सुविचार त्यांच्या पत्नी गेल्यानंतरच सुरू झाले होते. म्हणून ठरवले आहे की दर गुरुवारी त्यांना फोन करायचा. पहिला फोन झाला, आणि ते पंचेचाळीस मिनिटे बोलले.

त्या विद्यार्थ्याला सोडले नाही. त्याला शाळेत बोलावले होते. तो आला, तेव्हा मी त्याला तो व्हिडिओ दाखवून विचारले की हा तुला कोठून मिळाला. त्याला आठवेना. मग आम्ही दोघांनी मिळून तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. एका दुकानाच्या पाटीवर जुने नाव होते. ते दुकान दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्याने घेतले आहे आणि पाटीही बदलली आहे, हे त्याच्याच लक्षात आले. 'बाई, हे मला तेव्हाही दिसायला हवे होते,' असे तो म्हणाला. आठवीच्या वर्गासाठी मला असे आणखी पाच-सहा जुने फोटो हवे आहेत, ज्यांत नीट पाहिल्यावर वर्ष ओळखता येते. येथे कोणाकडे पंचगंगा घाटाचे किंवा शिवाजी पुलाचे असतील, तर काढल्याच्या तारखेसह कृपया द्यावेत.