नवीन ले-आउटवाल्यांनी नळाचे जास्त पैसे का भरू नयेत?

जुनीपेठवाला: परवा कुणीतरी इथेच लिहिलं, ‘नळजोडणीचा दर सगळ्यांना सारखाच हवा, पाणी हा हक्क आहे.’ डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितो. हक्क पाण्यावर आहे भाऊ, कापसाच्या शेतात पाडलेल्या प्लॉटपर्यंत पाईप फुकट ओढून घेण्यावर नाही. दोनशे प्लॉट धरा, घरात पाच माणसं, माणशी १३५ लिटरचा सरकारी निकष. रोजचे १ लाख ३५ हजार लिटर. आपल्याकडे पाणी चौथ्या दिवशी, म्हणजे एका पाळीला ५ लाख ४० हजार. कुठल्या टाकीतून? आमच्या पेठेतल्या! ती टाकी आमच्या बापाच्या पाणीपट्टीवर उभी राहिली. पांझरा नदीवरच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकरी पाळीने वाटून घ्यायचे त्या जुन्या पद्धतीत, ज्याला पाणी, त्यालाच पाट साफ करायला यावं लागायचं. तोच न्याय.

प्लॉट नं. ४७: फड काढलात म्हणून सांगतो. फडात पाळी लागायची, शेवटच्या शेतालाही वाटा होता. आम्हाला कुठे आहे? बांधकाम परवानगीला विकास शुल्क भरलं, घरपट्टी पहिल्या वर्षापासून सुरू, नळाला अनामत, वर रस्ता खोदाईचे पैसे. मग तोटी उघडली तर सूं करून हवा. मे महिना अख्खा टँकरवर काढला. पेठेत तेव्हा अंगणात सडे चालू होते.

रात्रीचीपाळी: सडे नाही हो, मोटारी बोला. पाणी सुटलं की अख्ख्या गल्लीत एकदम घर्रर्र. आमच्याकडे मोटार नाही, मी रात्री अडीचला उठून हंडे भरते. शेजारच्यांची टाकी पंधरा मिनिटांत ओसंडते, आमची बादली तिथेच.

जुनीपेठवाला: मोटार सगळेच लावतात ताई. एकट्याने काढून काय होणार?

रात्रीचीपाळी: म्हणजे तुम्हीपण लावता! आणि वर फडाचा न्याय सांगता?

प्लॉट नं. ४७: 😂 सापडले नाना.

जुनीपेठवाला: हसू नका. तुमच्या ले-आउटच्या अपार्टमेंटला एक इंची नळ कसा मिळाला ते सांगू का?

माजी ओव्हरसीअर: जरा थांबा दोघं. मोटारीने पाईपात उलटी ओढ बसते, जोड गळका असेल तर गटारीचं पाणी आत येतं. मग गल्लीत जुलाब सुरू झाले की ओरडता आमच्या नावाने. नोकरीत असताना मी एका गल्लीतल्या मोटारी जप्त केल्या, तर लोकांनी माझीच सायकल ठेवून घेतली. आठ दिवसांनी मिळाली, पंक्चर.

आता दराचं. एक इंची नळाचं तोंड अर्धा इंचीच्या चौपट असतं. पैसेही निदान चौपट घ्या, मग घर जुन्या पेठेतलं असो की नव्या कॉलनीतलं. टाकी आणि मोठी लाईन यांचा खर्च घरवाल्याच्या गळ्यात मारायचाच नाही. तो ले-आउट मंजुरीच्या वेळी प्लॉट पाडणाऱ्याकडून घ्यायचा, मंजुरीच्या कागदावर लिहून.

प्लॉट नं. ४७: तो प्लॉटच्या भावात लावेल ना साहेब. भरणार शेवटी आम्हीच.

माजी ओव्हरसीअर: लावू द्या. प्लॉट घेतानाच कळेल, पाण्यासकट केवढ्याला पडतो. आज स्वस्त म्हणून घेता, मग दहा वर्षं नगरसेवकाच्या ओट्यावर बसता.

प्लॉट नं. ४७: ...हे मात्र खरं. आमच्याला विकताना ‘नळ येणार’ म्हणून सांगितलं होतं. कधी येणार, ते आम्ही विचारलं नाही.

गुंठेवारीवाला: आणि आमचं काय? आमचा ले-आउट मंजूरच नाही, प्लॉट पाडणारा केव्हाच गाव सोडून गेला. आम्हले कोन पानी दी?

जुनीपेठवाला: तुमचं घोंगडं निराळं, त्यासाठी वेगळा धागा काढा. ओव्हरसीअर साहेबांचं पटलं, म्हणजे पटवून घेतो. पैसे प्लॉट पाडणाऱ्याकडूनच घ्या, पण ते आमच्या टाकीच्या दुरुस्तीलाही लागले पाहिजेत.

रात्रीचीपाळी: आणि मोटार?

जुनीपेठवाला: समोरचा काढेल त्या दिवशी मीपण काढतो.

रात्रीचीपाळी: समोरचे माझे मामेसासरे आहेत. तेही हेच म्हणतात.