मदत हवी आहे : पाणपोईच्या कॉइलसाठी तांब्याची नळी की स्टीलची?

अकोल्यात आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पाणपोई चालवतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अक्षरशः चटका देतं. म्हणून थर्माकोलच्या पेटीत बर्फ-पाणी भरून त्यात आरओची पाव इंची प्लास्टिक नळी, 10 मीटर, गुंडाळून ठेवली. पहिला पेला गार येतो, मग सलग भरले की कोमटच. 38 अंशांचं पाणी 31 वर येतं, बस. बर्फ हलवून पाहिला, धार बारीक केली, फारसा फरक नाही. प्लास्टिकमधून उष्णता जातच नाही नीट.

तांबं उष्णता वाहून नेण्यात स्टीलच्या वीसेक पट सरस, पण याच नळातून कधीकधी लिंबू सरबतही देतो. आंबट पदार्थ तांब्यात नको, लहान मुलंही पितात. एसीची जुनी तांब्याची नळी फुकट मिळतेय, पण आत कॉम्प्रेसरचं तेल असतं, म्हणून ती नकोच. ॲल्युमिनियमही आंबटाला चालत नाही.

पेटी आतून 14 इंची, पंप नाही, टाकी 3 मीटर उंच, बजेट 2500.

304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची पातळ नळी घेतली तर मिनिटाला 1 लिटर पाणी 20 अंशांपर्यंत आणायला किती मीटर लागेल, आणि ती वाळू भरून घरी न चेपता वाकवता येईल का?